पहिली सोळा, शेवटची सोळा

मी पुस्तकं बांधतो. लिहीत नाही, छापत नाही, विकत तर नाहीच. फाटलेली पुस्तकं पुन्हा धड करतो. शहरातल्या मोठ्या वाचनालयाचं सगळं काम माझ्याकडेच येतं, त्यामुळे माझं वाचन दांडगं आहे. फक्त ते जरा विचित्र आहे.

त्याचं असं आहे. पुस्तक आतून सोळा-सोळा पानांच्या घड्यांचं बनलेलं असतं. त्या घडीला आम्ही फर्मा म्हणतो. पुस्तक हाताळून हाताळून खिळखिळं झालं की आधी सुटतो तो पहिला फर्मा, नाहीतर शेवटचा. मधले एकमेकांना धरून असतात, त्यांना काही होत नाही. ते मी दाबयंत्रात घट्ट आवळतो, कण्याला खळ लावतो, आणि खळ वाळेपर्यंत माझ्या हातात उरतात ती सुटलेली पानं. हात रिकामे आणि पानं समोर. माणूस काय करणार? वाचतो. खळ वाळली की पानं चिकटवायची, पुस्तक मिटायचं आणि वाचनालयात परत पाठवायचं. तेव्हा जगातल्या पुष्कळ थोर माणसांनी सुरुवातीला काय म्हटलं आणि शेवटी काय म्हटलं, हे मला चांगलं ठाऊक आहे. मधे ते काय म्हणाले ते वाचनालयाचे सभासद जाणोत.

आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही कमी आहे असं कधी वाटलंच नाही. सुरुवातीला माणूस प्रश्न मांडतो, शेवटी उत्तर देतो. मधे नुसता घोळ घालत असणार, असं मी धरून चाललो होतो.

यातल्या तिघांनी मला घडवलं. नावं मी घेत नाही, कारण घरात आम्ही त्यांना टोपणनावांनीच ओळखायचो. पहिले दाढीवाले. उघडल्या उघडल्या त्यांचा फोटो, छातीपर्यंत दाढी, आणि खाली पहिलंच वाक्य असं की दुसऱ्याच्या आयुष्याचं सुकाणू कुणी हातात घेऊ नये. हात मायेचा असेल तर मुळीच नाही, कारण मायेचा हात झटकून टाकता येत नाही. हे वाचलं त्या दिवशी माझा ब्रश खळीच्या डब्यात तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा दगड झाला. दुसरे तुरुंगवाले. त्यांनी अर्धं पुस्तक कोठडीत बसून लिहिलं होतं, आणि त्यांचा शेवटचा फर्मा सारखा सुटायचा. लेखक तुरुंगातून सुटला की नाही हे बघायला वाचक आधी शेवटाकडेच धावत असणार. त्यांचं म्हणणं, ‘नाही’ म्हणताना कारण द्यावं लागलं, तर ते स्वातंत्र्य नव्हे, ती सवलत.

तिसरी बाई. तिला आम्ही नुसतं ‘बाई’ म्हणायचो. तिचा पहिला फर्मा माझ्याकडे आला तेव्हा बायकोला जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मुलगी आठ वर्षांची होती. येईल तो नातेवाईक मला ‘पोरीवर लक्ष ठेव’ म्हणून सांगून जायचा. अशात बाईनं लिहिलेलं वाचलं की मुलीला एका दिवसात जेवढे प्रश्न विचारतात, तेवढे चोरालासुद्धा खटल्यात विचारत नाहीत. कुठे चाललीस, कुणाबरोबर, कधी येणार, उशीर का झाला, जेवलीस का. आणि प्रत्येक उत्तराबरोबर मुलगी थोडी थोडी आरोपी होत जाते. मी ते पान हातात धरून समोर बघितलं. माझी आरोपी पुठ्ठ्याच्या तुकड्यांचं घर करत जमिनीवर बसली होती. मी तिला नुकतंच विचारलं होतं, ‘हात धुतलेस का?’ मला स्वतःची लाज वाटली.

बाईचा शेवटचा फर्माही पुढे एकदा सुटून आला. त्यात नुसती शब्दसूची होती. म्हणजे बाईनं शेवटी काय म्हटलं ते मला कळलंच नाही. पण सुरुवात एवढी पटली होती की शेवटाची गरज वाटली नाही.

तेव्हापासून आमच्या घरात प्रश्न बंद. खाली कारखाना, वर दोन खोल्या, दोघांकडे दोन किल्ल्या. कुठे चाललीस नाही, कधी येणार नाही, जेवलीस का तर नाहीच. भूक लागेल त्यानं वाढून घ्यावं. शाळा कुठली, केस किती कापायचे, पुढे काय शिकायचं, सगळ्याला माझं उत्तर एकच. तुझं तू ठरव. लोक म्हणायचे, पोर शेफारेल. पोर शेफारली नाही. पोर दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायला शिकली, आणि लोकांच्या तोंडात अजिबात खोटे न वाटणारे खोटे दात बसवण्यात तिचा हात धरणारा कुणी उरला नाही. ती मला ‘बाबा, तू’ म्हणते. मला त्याचा भारी अभिमान होता.

एकच गोष्ट मी चोरून करायचो. ती बाहेर असली की जिन्यातला दिवा चालू ठेवायचो आणि तिची किल्ली दारात फिरेपर्यंत अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडायचो. किल्ली फिरली की कूस बदलून झोपलेला. एकदा तिनं विचारलं, ‘दिवा कशाला रे जळत असतो?’ मी म्हणालो, ‘मांजरासाठी. त्याला पायऱ्या दिसत नाहीत.’ पुढे विचारायचं नाही हे ती माझ्याकडूनच शिकली होती.

आता मुद्द्यावर येतो. या वर्षी तिला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं. मोठी प्रयोगशाळा, नवी यंत्रं, हाताखाली माणसं. शहर लांब, म्हणजे रेल्वेत एक रात्र काढून वर पुन्हा बस. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. सोमवारी सकाळी ती खाली आली, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली, आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणाली,

‘तुला काय वाटतं?’

मला काय वाटत होतं? त्या दोन खोल्यांमध्ये मी एकटा कसा दिसेन ते मला लख्ख दिसलं. एक कप, एक ताट, आणि दिवसभर पुस्तकांच्या सुरुवाती आणि शेवट. संध्याकाळी जिन्यावर पाय वाजणार नाहीत. पण मायेचा हात झटकून टाकता येत नाही, हे दाढीवाल्यांनी मला बजावून ठेवलेलं. मी दाभणात दोरा ओवत राहिलो आणि म्हणालो,

‘तुझं तू ठरव.’

तिनं दोऱ्याचा एक तुकडा उचलून बोटाला गुंडाळला. मग उठून कामाला गेली. मंगळवारी तिनं चहा घेताना पुन्हा तेच विचारलं, जरा फिरवून. ‘तू माझ्या जागी असतास तर?’ मी म्हणालो, ‘मी तुझ्या जागी नाही. तेच तर महत्त्वाचं आहे.’ काय बाणेदार उत्तर! मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. तिनं कप अर्धा टाकला आणि गेली.

त्याच दुपारी वाचनालयाचे ग्रंथपाल हातगाडीवाल्याला घेऊन दारात हजर. घामाघूम, आणि चेहरा असा की घरात कुणी गेलंय.

‘अहो, वरच्या मजल्यावरचा नळ फुटला. तीन कपाटं भिजली,’ ते म्हणाले. ‘वाचतील तेवढी वाचवा.’

‘वाचवतो म्हणजे काय, आधी सोडवायला लागतील,’ मी म्हणालो. ‘सगळे फर्मे सुटे करायचे, वाळवायचे, मग पुन्हा शिवायचे. वेळ लागेल.’

‘लागू द्या. पण एक सांगतो, दोरीवर टाकताना क्रम चुकवू नका. तुमच्या आधीच्या माणसानं बांधलेल्या एका कादंबरीत नायक आधी मेला होता आणि मग लग्नाला उभा राहिला.’

‘ते पुष्कळांचं तसंच होतं,’ मी म्हणालो. ते हसत हसत गेले.

वरचंच पुस्तक बाईचं होतं. फुगून दुप्पट झालेलं. मी कण्यावरची शिवण उसवली, एकेक फर्मा अलगद सोडवला आणि कारखान्यात दोऱ्या बांधून त्यावर टाकत गेलो. कपडे वाळत घालावेत तसं अख्खं पुस्तक या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टांगलं. पंखा लावला. आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या पुस्तकाचा मधला भाग माझ्या नाकासमोर हलत होता.

बुधवारी सकाळी पानं वाचण्याइतकी सुकली. मी दोऱ्यांखालून वाकून, मान तिरकी करून वाचत सुटलो. आधी बाई माझ्याच बाजूनं बोलत होती. मग एका पानावर तिनं लिहिलं होतं, सुरुवातीला मी जे म्हटलं ते अर्धंच होतं. मी चष्मा पुसला. पुढे असं की ‘कुठे निघालात’ हे पहारेकरीही विचारतो आणि घरातलं माणूसही. पहारेकऱ्याला उत्तर दिलं नाही तर तो अडवतो. घरच्याला दिलं नाही तर तो अडवत नाही, नुसता दुखावतो, आणि तरी पुन्हा विचारतो. ज्या घरात कुणीच कुणाला काही विचारत नाही, ते घर मोकळं नव्हे. ती लॉज. स्वतंत्र माणसाला आपल्या मनातलं सांगायला भिऊ नये, कारण ऐकून तो हवं ते करायला मोकळाच असतो. ज्याला सांगायची तुम्हाला भीती वाटते, त्याला तुम्ही मनातून स्वतंत्र मानलेलंच नाही.

मला एवढा राग आला की मी मोठ्यानं म्हणालो, ‘अगं मग हे पहिल्या फर्म्यात टाकायला काय झालं होतं तुला?’

कारखान्यात कुणी नव्हतं. पंखा फिरत होता आणि बाई दोरीवर हलत होती. मी स्टुलावर बसलो. इतकी वर्षं जिच्या शब्दावर घर चालवलं, तिचं म्हणणं माझ्याच हाताखाली, दाबयंत्रात आवळलेलं होतं. आणि ते आवळलं होतं मीच. पंखा बंद करून मी तसाच बसून राहिलो. कुणाला सांगणार? ज्या एका माणसाला सांगायचं, तिला काही न सांगायची मला सवय.

त्या संध्याकाळी ती आली तेव्हा मी भाजी करत होतो. म्हणजे जाळत होतो. मनात वाक्य जुळवलेलं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. तिनं भात वाढून घेतला. मीही घेतला. दोघं समोरासमोर बसून जेवलो, लॉजमधल्या दोन पाहुण्यांसारखे. तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ताट उचलताना ती म्हणाली, ‘मी उद्या हो कळवून टाकते.’

‘कळवू नकोस,’ मी म्हणालो.

ती ताट हातात घेऊन उभीच राहिली.

‘म्हणजे कळव. म्हणजे तुझं तू... थांब जरा.’ मी गोंधळलो. ‘तू जाऊ नयेस असं मला वाटतं. मला इथे करमणार नाही. दिवसभर माझं चालेल, पण संध्याकाळी माझं काही खरं नाही. हे मला सोमवारीच वाटलं होतं. मी बोललो नाही.’

मला वाटलं ती विरघळेल. ती भडकली. ताट धाडकन ओट्यावर ठेवलं.

‘आता सांगतोस? आता? बाबा, मी आयुष्यभर तुला विचारतेय. शाळेत असताना विचारलं, नाटकात काम करू का. तुझं तू ठरव. मी केलं, आणि बघायला तू आला नाहीस, कारण मी ये म्हटलं नव्हतं! त्या माणसाबरोबर राहायला गेले तेव्हा तू म्हणालास, ठीक आहे. महिन्याभरात परत आले, डोळे सुजवून, तर तू म्हणालास, तुझी खोली झाडून ठेवलीय. का आलीस, हेसुद्धा विचारलं नाहीस. मी रात्रभर वाट बघत होते की तू दार वाजवशील.’

‘मी दाराबाहेर उभा होतो,’ मी म्हणालो. ‘वाजवायचा धीर झाला नाही. मला वाटलं, तुझ्यावर दडपण येईल.’

‘दडपण!’ ती म्हणाली. ‘मला वाटायचं तुला माझी काही पडलेलीच नाही. जगातल्या पोरींना बाप विचारून विचारून भंडावतात, आणि मला वाटायचं, माझ्या वाट्याला एक घरमालक आलाय. भला घरमालक.’

बाईनं लॉज म्हटलं होतं, लेकीनं घरमालक. दोघींचं मत एकच पडलं होतं. मी मान खाली घालून जळलेली भाजी खरवडत राहिलो. डोळे भरून आले होते आणि धुराचं निमित्त सांगायचीही सोय होती, पण मी सांगितलं नाही.

ओट्यावरचं ताट विसळून ती म्हणाली, ‘आणि ते मांजर.’

‘कुठलं मांजर?’

‘ज्याला पायऱ्या दिसत नाहीत ते. आपल्याकडे मांजर कधी होतं रे?’

‘नव्हतं,’ मी म्हणालो.

‘मला माहिती होतं,’ ती म्हणाली. ‘त्या दिव्यावरच तर मी काढली इतकी वर्षं. कोपऱ्यावरून वळलं की तो दिसायचा. तेवढं एकच माझ्याकडे होतं, आणि तेही मला विचारता येत नव्हतं.’ ती खाली बसली आणि माझ्या ताटातला भात माझ्याच चमच्यानं खाऊ लागली. आमच्या घरात असं कुणी कधी केलं नव्हतं.

गुरुवारी ती कामावर गेली नाही. खाली येऊन दोऱ्यांखाली फिरत बसली. मी तिला ते पान दाखवलं. तिनं उभ्यानंच वाचलं, मग आणखी पुढचं, मग मागचं. मी दाभण चालवत होतो आणि जीव टांगणीला लागला होता. कारण आता मी बोलून बसलो होतो. दाढीवाल्यांच्या हिशेबानं मी माझा मायेचा हात तिच्या सुकाणूवर ठेवला होता, आणि तो हात मला मागे घ्यायचा नव्हता. ती राहिली असती तर मला आनंद झाला असता. खोटं कशाला बोलू, मी मनातून तिनं राहावं म्हणूनच धडपडत होतो.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, ‘बाबा, मी जाणार आहे.’

‘बरं.’

‘बरं म्हणू नकोस.’

‘बरं नाही,’ मी म्हणालो. ‘मला अजिबात बरं वाटत नाही.’

‘मलाही नाही,’ ती म्हणाली. ‘पण काल पुन्हा तुझं तू ठरव म्हणाला असतास ना, तर रागानं गेले असते. आणि सुट्टीतसुद्धा आले नसते.’

मग आम्ही दोघांनी मिळून बाईचे फर्मे दोरीवरून उतरवले, क्रमानं लावले, आणि तिनं नवी शिवण घालताना दोरा ताणून धरला. दात घडवणाऱ्या बोटांना सवय असते. दोरा कुठे सैल पडला नाही. ते पुस्तक मी बांधलेल्या सगळ्या पुस्तकांत चांगलं झालं. ग्रंथपालांना दिलं तेव्हा ते म्हणाले, ‘वा, नायक जागेवर आहे ना?’ मी म्हणालो, ‘यात नायक नाही. बाई आहे, आणि तिनं मला मधेच गाठलं.’ त्यांना काही कळलं नाही. मीही समजावत बसलो नाही.

ती गेली त्या दिवशी मी स्टेशनवर गेलो. तिनं ‘ये’ म्हटलं नव्हतं तरी गेलो. डब्याच्या दाराशी उभी राहून तिनं विचारलं, ‘पोचल्यावर फोन करू का?’ तोंडात जुनं उत्तर आलं होतं, ते मी गिळलं.

‘कर,’ मी म्हणालो. ‘रोज कर.’

‘रोजचं काही सांगत नाही,’ ती हसून म्हणाली. ‘ते माझं मी ठरवीन.’

गाडी हलली. परत आलो तेव्हा घर तेच होतं, पण भांडी फार आवाज करत होती. दुसऱ्या दिवशी एका इतिहासाच्या पुस्तकाचा पहिला फर्मा हातात होता, आणि डोक्यात एक अक्षर शिरत नव्हतं. मग दाबयंत्र सैल करून मी त्याचे मधले फर्मे बाहेर काढले आणि काही न समजता उलटत बसलो. संध्याकाळ झाली. जिन्यावर पाय वाजणार नाहीत हे ठाऊक असून कान तिकडेच. सवयीनं जिन्यातला दिवा लावला, आणि कुणासाठी लावला हे आठवून तिथेच पायरीवर बसलो. तेवढ्यात फोन वाजला.

‘बाबा, पोचले. खोली ठीक आहे. खिडकी रस्त्यावर आहे.’

मी विचारलं, ‘जेवलीस का?’

पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटलं फोन तुटला.

‘नाही अजून,’ ती म्हणाली. ‘तू?’

‘नाही.’

‘मग जेव आधी. आणि ऐक, मी पोचलेय, आता तो जिन्यातला दिवा बंद कर.’

‘ते माझं मी ठरवीन,’ मी म्हणालो.